आवाजमावशीचा गुरुवार

कॉलेजात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पगारपत्रकावर काय लिहिलेलं असेल ते असो, मुलं तिला आवाजमावशी म्हणत. सभागृहात माईक खरखरला, स्पीकर शिट्टी वाजवायला लागला किंवा पाहुण्यांचं भाषण मागच्या रांगेपर्यंत पोचेनासं झालं की एकशे ऐंशी माना एकदम मागे वळत आणि वरच्या काचेच्या खिडकीकडे बघून ओरडत, "आवाजमावशी, आवाज!" खिडकीमागच्या त्या चिंचोळ्या खोलीत तिची सोळा वर्षं गेली होती. खोलीत एक टेबल, त्यावर आवाज कमीजास्त करायचा बटणांचा मिक्सर, एक जुना कॉम्प्युटर, प्रोजेक्टर आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या केबलची वेटोळी. मिक्सर हा शब्द तिने पहिल्यांदा घरी सांगितला तेव्हा लेक सहा वर्षांची होती. आई कॉलेजात चटण्या वाटते, असं तिने शाळेत सांगून टाकलं होतं.

केबल गुंडाळावी तर आवाजमावशीने. इतर लोक कोपरावरून दोरीसारखी गुंडाळतात आणि आतली तार पिळवटून ठेवतात. ही डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून त्यांच्यामध्ये इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी केबल फिरवायची, बघता बघता चपटी गुंडाळी तयार. तिची ती करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वाकलेली होती. ड्रॉवरमध्ये सापडली होती, असं ती सांगत असे. वायरमन काका तिला चिडवत, "बाई, तुमची करंगळी सरळ असती ना, तर अर्ध्या केबल गळून पडल्या असत्या. देवाने हुक बसवून पाठवलंय तुम्हाला." तीही हसायची.

दर गुरुवारी दुपारी दोन वाजता सभागृहात फिल्म असे. समाजशास्त्राच्या मॅडमनी तीन वर्षांपूर्वी हे सुरू केलं होतं. बायकांच्या आयुष्यावरच्या फिल्म, कुठल्या कुठल्या देशांतल्या: कारखान्यातल्या बायका, शिकू न दिलेल्या मुली, म्हातारपणी घराबाहेर काढलेल्या आया. फिल्म संपली की दिवे लावून अर्धा तास चर्चा. पहिल्या वर्षी पंधरा मुली यायच्या, आता खुर्च्या पुरत नसत. ऐकू न येणाऱ्या दोन मैत्रिणी पहिल्या रांगेत बसत. त्यांच्यासाठी पडद्याच्या खाली मजकूर दिसला पाहिजे, हे मॅडमच्या आधी आवाजमावशीच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून प्रत्येक फाईलसोबत मॅडम मजकुराची फाईलही आणत. गुरुवारी त्या दोघी मागे वळून हात हलवत, मावशी वरून हात हलवायची आणि त्याच हाताने मजकुराचं बटण दाबायची.

बुधवारी चाचणी. ही मावशीची स्वतःची रीत. प्रोजेक्टरच्या दिव्याचे तास मोजके असतात, म्हणून बुधवारी दिवा लावायचा नाही, मजकुराच्या भानगडीत पडायचं नाही. फक्त आवाज सोडायचा. लेक लहानपणापासून या कामात तरबेज होती. ती तिसऱ्या रांगेत मध्यावर बसायची, डोळे मिटून, एक हात वर करून. तळवा आढ्याकडे म्हणजे वाढव. तळवा जमिनीकडे म्हणजे कमी कर. मूठ मिटली म्हणजे बरोबर. त्या मुठीची वेळ आणि मिक्सरवरची आवाजाची सरकती पट्टी कुठे आहे ते मावशी वहीत लिहून ठेवी. आता लेक त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, मॅडमची लाडकी विद्यार्थिनी, तरी बुधवारची खुर्ची तिने सोडली नव्हती. मायलेकींना दुसरं कुणी नव्हतं. वडील तापाने गेले, तू तेव्हा पाळण्यात होतीस, आणि तू एकटीच: एवढंच लेकीला माहीत होतं आणि तिने कधी जास्त विचारलं नव्हतं.

त्या बुधवारी लेकीची परीक्षा होती. मावशीने वर फाईल सुरू केली आणि स्वतःच खाली येऊन तिसऱ्या रांगेत बसली. डोळे मिटले. आधी कुठल्या तरी गाडीचा आवाज, मग भांड्यांचा, मग बरीच लहान मुलं. मुलं जरा कर्कश वाटली, तिने ते मनात टिपलं. मग एक बाई बोलायला लागली.

"म्हणजे कसं," ती बाई म्हणाली, "मला वाटायचं, मारतो म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल."

मावशीने डोळे उघडले. पहिल्या क्षणी तिला वाटलं, माईक चालू राहिला आणि आपणच काही बोललो. मग तिला कळलं, की स्पीकरमधून चहूबाजूंनी येतोय तो तिचाच आवाज आहे. अठरा वर्षांनी कोवळा, पण 'म्हणजे कसं' तेच. या दोन शब्दांवरून मुलं तिची नक्कल करत.

ती जिन्याने वर धावली. कॉम्प्युटरच्या छोट्या पडद्यावर चेहरा नव्हता. मांडीवर लोकरीचा गुंता, आणि अंगठ्यापासून वाकड्या करंगळीपर्यंत आठाच्या आकड्यात लोकर गुंडाळणारे दोन हात.

तिला तो दिवस लख्ख आठवला. शहराच्या टोकाचं ते आधारगृह, एका खोलीत नऊ बायका. कॅमेरा घेऊन एक बाई आली होती, सोबत आवाज टिपणारी दुसरी. चेहरा दाखवणार नाही, असं कॅमेरावालीने कबूल केलं होतं. आणि म्हणाली होती, ही फिल्म दूरच्या लोकांसाठी आहे, इकडे कोण बघणार? मग मावशी बोलली. आधी आणि नंतर कधीच बोलली नाही इतकं त्या एका दुपारी बोलली. बोलणं संपल्यावर आवाज टिपणारी तिच्या हातांकडे बघत राहिली आणि स्वतःची केबल पुढे करून म्हणाली, ही गुंडाळून दाखव. तिथून तिचा धंदा सुरू झाला. पोटाला अन्न दिलं ते त्याच दुपारने, आणि आज गळ्याशी आली होती तीही तीच.

तिने फिल्म पुढे जाऊ दिली. बाविसाव्या मिनिटाला ते आलंच. तिला प्रत्येक शब्द पाठ होता.

"मुलगा शाळेत होता. पाच वर्षांचा. हाच त्याला सोडायचा, हाच आणायचा, माझ्या हाती द्यायचा नाही. शाळा तीनला सुटायची. हा जेवायला दोनला यायचा. बस दीडची होती. म्हणजे कसं, मुलगी कडेवर होती. मी दीडची बस घेतली."

फिल्म संपली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिने अठरा वर्षं मूठ झाकली होती. आधारगृहातून मुलाला दोन पत्रं पाठवली होती, पाठवणाऱ्याचा पत्ता न लिहिता. पत्ता लिहिला तर नवरा माग काढत येईल आणि मुलीलाही नेईल, ही भीती. पत्ता नाही म्हणून उत्तर नाही. पुढे लेक बोलायला लागली, आपल्याला भाऊ आहे का म्हणून एकदा विचारून गेली, आणि मावशी नाही म्हणाली. ते नाही एकदा तोंडातून गेलं ते गेलं. आता उद्या दुपारी लेक तिसऱ्या रांगेत बसणार आणि पडद्यावरून कळणार, की आपल्या आईने एक मूल उचललं आणि एक ठेवलं. उचललेलं मूल आपण. त्यानंतर ती घरी येईल का, आणि आली तर कुठल्या डोळ्यांनी बघेल, यापुढे मावशीचा विचार जाईना.

ती मॅडमच्या खोलीवर गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा कामाबद्दल खोटं बोलली. फाईल मध्येच अडकतेय म्हणाली. मॅडमनी ड्रॉवरमधून दुसरा पेनड्राईव्ह काढून दिला. म्हणाल्या, ही फिल्म शोधायला मला दोन वर्षं लागली, ही दाखवायचीच. मग चष्मा काढून पुसता पुसता म्हणाल्या, "मावशी, त्यातली ती लोकर गुंडाळणारी बाई बघा तुम्ही. तिचं पुढे काय झालं असेल, असं मला सारखं वाटतं." मावशीने डावा हात पदराखाली घेतला आणि बरं म्हणून बाहेर पडली.

घरी तिने लेकीवर प्रयोग करून पाहिला. उद्या दुपारी गॅसवाला येणार आहे, तू घरी थांबशील का? लेक हसली. गॅस मागच्याच आठवड्यात आला, आई, तुझं लक्ष कुठे आहे? मग तिने डोकं दुखतंय म्हटलं, तर लेक म्हणाली, तू घरी राहा, मी वर बसते, मशीन मला येतं. तेव्हा मात्र मावशी घाईने उठली. नको नको, बरं वाटेल, म्हणाली. शेवटी लेकच सांगून मोकळी झाली, की उद्या चुकवण्याचा प्रश्नच नाही, फिल्मनंतरची चर्चा मॅडमनी तिलाच सुरू करायला सांगितली आहे. आरशासमोर उभं राहून ती दोन वाक्यं घोकतही होती. मावशी मागे उभी राहून ऐकत होती.

सकाळपर्यंत तिचा बेत ठरला. आवाज तिच्या हातात होता. बाईचा आवाज असेल तिथे वरचे स्वर दाबून टाकायचे, खालचे वाढवायचे, म्हणजे तो जाड होईल, घसा बसलेल्या दुसऱ्याच कुणा बाईसारखा. हात कुणाचेही असू शकतात, असं तिने स्वतःला बजावलं. जगात काय एकच करंगळी वाकडी आहे? आणि बावीस मिनिटं दहा सेकंदांपासून तेवीसपर्यंत पट्टी पूर्ण खाली. पन्नास सेकंद. मुलं ओरडतील, आपण हात हलवून बिघाड झाला असं दाखवायचं. तिने दोन्ही वेळा पेनने तळहातावर लिहिल्या आणि दहा वेळा पट्टी खालीवर करून हात बसवला.

गुरुवारी दोनला सभागृह तुडुंब होतं. जिन्यावरही मुली बसल्या होत्या. लेक तिसऱ्या रांगेत, मध्यावर, मांडीवर वही. बसण्याआधी तिने वर बघून आईला हात केला. मावशीने काच पुसल्यासारखं केलं. पहिल्या रांगेतल्या दोघी मैत्रिणी मागे वळून हसल्या, त्यांनीही हात हलवला. मावशीने हात हलवला. दिवे मालवले, फिल्म सुरू केली. डोळे कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या घड्याळावरून हलवायचे नाहीत, असं तिने ठरवलं होतं.

बाई बोलायला लागली. मावशीने आवाज जाड केला. तिचं तिलाच ओळखू येईना इतका जाड. लेकीची मान हलली नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. वीसला तिने बोट पट्टीवर ठेवलं. बावीस मिनिटं. बावीस पाच. दहा झाले आणि तिने पट्टी खाली ओढली.

सभागृह गप्प झालं. ती वाट बघत राहिली. आता माना वळतील, आता ओरडतील. माईक नुसता खोकला तरी आरडाओरडा करणारी ही मुलं. पण एकही मान वळली नाही. एकशे ऐंशी जणांत कुणी कुजबुजलंसुद्धा नाही. त्या शांततेचीच तिला भीती वाटली. तिने घड्याळावरून डोळे काढले आणि काचेतून पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर वाकड्या करंगळीभोवती लोकर फिरत होती, आणि तिच्याखाली हातभर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: शाळा तीनला सुटायची.

तिला क्षणभर समजेचना, हे कुणी लावलं. मग समजलं. त्या दोघींना हात हलवला तेव्हाच बोट बटणावर गेलं होतं. तीन वर्षांची सवय. दार ओढून घेताना कडी लागते तशी. बुधवारी चाचणीला मजकूर नसतो, म्हणून बेतातही तो नव्हता. सगळा विचार तिने कानांनी केला होता.

बस दीडची होती, अक्षरं म्हणाली. मुलगी कडेवर होती. मी दीडची बस घेतली.

आवाज असता तर निदान वाक्यं वाहून तरी गेली असती. निःशब्द सभागृहात ती अक्षरं खिळे ठोकल्यासारखी पडद्यावर बसली. तिने घाईने पट्टी वर ढकलली, पण तोवर तेवीस होऊन गेले होते. आता पडद्यावर कुठलं तरी अंगण होतं, वाळत घातलेले कपडे होते.

दिवे लागले. मॅडमनी लेकीला पुढे बोलावलं. लेक उठली, वही छातीशी धरून उभी राहिली. आरशासमोर घोकलेली दोन वाक्यं मावशीला पाठ होती, ती मनातल्या मनात तिला ती सुचवत राहिली, लहानपणी कविता सुचवायची तशी. लेक म्हणाली, "मॅडम, मला आज नाही जमणार," आणि खाली बसली.

मग इतर बोलले. एक मुलगा म्हणाला, आई होती ना ती, पुढच्या बसने नसतं का जाता आलं? त्यावर मागून एक मुलगी फटकन म्हणाली, दोन वाजता नवरा घरी आला असता, तो काय तिला सोडायला स्टॅंडवर गेला असता? काहीजण हसले. कुणी म्हणालं, त्या पोराने काय करायचं? कुणी म्हणालं, आपण कोण विचारणारे. मावशी खिडकीमागे बसून स्वतःबद्दलचं बोलणं ऐकत होती, आणि सवयीने ज्याच्या हातात माईक जाईल त्याचा आवाज नीट करत होती. आई होती ना म्हणणाऱ्या मुलाचा आवाज मागे पोचत नव्हता. तोही तिने वाढवला.

तिचे डोळे एकाच ठिकाणी होते. तिसऱ्या रांगेतलं ते डोकं अर्ध्या तासात एकदाही मागे वळलं नाही.

सभागृह रिकामं झालं. मावशीने केबल सोडवली आणि न गुंडाळताच टेबलावर ठेवली. जिन्यावर पावलं वाजली. लेक दारात आली आणि तिथेच थांबली. डोळे कोरडे होते. मावशीला वाटलं, रडली असती तर बरं.

"आवाज तू घालवलास," लेक म्हणाली.

"हो."

"मशीन बिघडलं नव्हतं."

"नाही."

लेकीने टेबलावरची केबल उचलली. अंगठा आणि करंगळी ताणून तिच्याही नकळत ती आठाचा आकडा घालायला लागली, आईनेच शिकवलेला. चार वेढे झाल्यावर तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि केबल तशीच टाकून दिली.

"केवढा होता तो?"

मावशीने जमिनीपासून हात वर नेला आणि टेबलाच्या कडेच्या जरा खाली धरला. मग तो हात परत घ्यायचं तिला सुचलं नाही.

"ड्रॉवरमध्ये सापडली नव्हती ना करंगळी?"

"नाही."

"आणि बाबा? ताप?"

मावशीने नकारार्थी मान हलवली. तो जिवंत आहे की नाही, हेही तिला माहीत नव्हतं, आणि तेवढं तिने सांगितलं. पुढे काय येणार याची वाट बघत ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मला का उचललंस, असं ती विचारेल. मला फसवलंस म्हणेल. अठरा वर्षं या दोन्हींची उत्तरं मावशीने कितीदा जुळवून ठेवली होती. लेकीने त्यातलं काही विचारलं नाही.

"त्या दिवशी तीनला त्याला आणायला कोण गेलं?"

हा प्रश्न कॅमेरावालीने विचारला नव्हता. आधारगृहात कुणी विचारला नव्हता. रोज दुपारी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तीनवर आला की मावशी हातातलं काम थांबवायची, ते का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोनला नवरा घरी आला असेल. घर रिकामं बघून तो तिला शोधत फिरला असेल. मग तीनला शाळेच्या फाटकाशी कोण होतं?

"माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणजे कसं..."

लेकीने टाकलेली केबल उचलून खिळ्यावर अडकवली. मग म्हणाली, "पुन्हा लाव. तेवढंच. आवाजासकट."

"नको ग."

"लाव, आई."

ती खाली गेली. रिकाम्या सभागृहात तिच्या चपला तिसऱ्या रांगेपर्यंत वाजत गेल्या. मध्यावरच्या खुर्चीत ती बसली, पाठमोरी. मावशीने बाविसावं मिनिट काढलं. प्रोजेक्टरचा दिवा लावला नाही; मजकुराच्या बटणाला बोट लावलं नाही. स्वरांच्या पट्ट्या सगळ्या जागेवर आणल्या, म्हणजे आवाज जसा होता तसा येईल. मग फाईल सुरू केली, आणि हात मागे घेतला तो चटका बसल्यासारखा.

"मुलगा शाळेत होता," तिचा कोवळा आवाज म्हणाला. "पाच वर्षांचा."

तिसऱ्या रांगेतून हात वर आला. तळवा आढ्याकडे.

मावशीने पट्टी वर सरकवली. हात तसाच होता. तिने आणखी सरकवली. शाळा तीनला सुटायची, हे सभागृहाच्या चारी भिंतींवरून इतक्या मोठ्याने परत आलं, की बाहेरच्या व्हरांड्यातून जाणारे वायरमन काका दार ढकलून आत डोकावले, पाठमोऱ्या मुलीकडे आणि वरच्या खिडकीकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. बस दीडची होती. पट्टी जवळजवळ टोकाला पोचली होती. खिडकीची काच थरथरत होती. ती मुठीची वाट बघत होती. लेकीचा हात वरच होता, आणि तळवा उघडा.